शेजाऱ्यांची झोप न मोडता बेस गिटारचा सराव: साधने कशी निवडावीत

बेस गिटारची खुली ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, तर पाच तारांच्या बेसवरील सर्वांत जाड बी तार सुमारे ३१ वेळा. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची हवेतील लांबी आठ मीटरांहून अधिक भरते, म्हणजे सदनिकेतील नेहमीच्या खोलीच्या दुपटीहून जास्त. अशा लहरीला अर्ध्या विटेची भिंत फारशी अडवत नाही. शिवाय जमिनीवर ठेवलेल्या अ‍ॅम्पची, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीची, कंपने थेट स्लॅबमध्ये उतरतात आणि खालच्या घराच्या छतातून पुन्हा आवाज होऊन बाहेर पडतात. म्हणूनच ज्या इमारतीत शेजारचे बोलणे ऐकू येत नाही, तिथेही खर्जाची घुमघुम मात्र दोन मजले ओलांडून जाते. भिंतीला फोमचे चौकोन किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु त्यांनी खोलीतील वरच्या स्वरांचा घुमारा तेवढा कमी होतो. खर्ज होता तसाच पार जातो. तो पैसा वाचवावा.

मोबाइलवरील डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपवरही विसंबू नये. आपल्याकडील २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, मात्र हे मोजमाप ‘ए’ भारांकनाने केले जाते. मानवी कानाला खर्ज कमी ऐकू येतो हे गृहीत धरणाऱ्या या भारांकनात ४० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजातून सुमारे ३४ डेसिबल वजा होतात. त्यात मोबाइलच्या माइकला खालचे स्वर मुळातच नीट पकडता येत नाहीत. परिणामी आकडा निर्धोक दिसत असतानाच खालच्या घरातील कपाटाची काच थरथरत असू शकते. खरी मोजणी एकच: घरातील कोणाला तरी नेहमीच्या जोराने वाजवायला सांगून आपण स्वतः खालच्या मजल्यावर जाऊन ऐकणे. त्या निमित्ताने शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलणेही होते, आणि पुण्यात राहणाऱ्यांनी दुपारी एक ते चारची वेळ सोडून जावे हे वेगळे सांगायला नको.

या सगळ्याचा निष्कर्ष असा की, घरातील शांत सरावासाठी हेडफोन हे मुख्य साधन आहे आणि अ‍ॅम्प दुय्यम. दुकानात मात्र खरेदीचा क्रम उलटा असतो. आधी अ‍ॅम्प घेतला जातो आणि हेडफोनचे काम मोबाइलच्या इअरफोनवर भागवले जाते. माझ्या मते एकूण खर्चाचा निम्मा भाग हेडफोनसाठी राखून ठेवावा.

हेडफोन क्लोज्ड-बॅक, म्हणजे कपांची मागची बाजू बंद असलेले, आणि वायरचे असावेत. मागून उघडे असणारे हेडफोन ऐकायला मोकळे वाटतात, पण त्यातून आवाज बाहेर झिरपतो आणि त्याच खोलीत झोपलेल्या माणसाची झोप मोडतो. ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम४०एक्स, सोनीचे एमडीआर-७५०६ आणि बायरडायनॅमिकचे डीटी ७७० प्रो हे ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत नित्य दिसणारे क्लोज्ड-बॅक हेडफोन या कामाला योग्य आहेत. ‘एक्स्ट्रा बेस’ असे ठळक लिहिलेले हेडफोन टाळावेत, कारण ते खर्जाचा एखादा पट्टा फुगवून दाखवतात आणि आपला हात हलका पडतो की जड, हे त्यात कळेनासे होते. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप) अशा तीन प्रकारांत मिळतो. छोट्या, बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाला २५० ओहमचा हेडफोन पुरेशा जोराने वाजवता येत नाही, त्यामुळे घरगुती सरावासाठी ३२ किंवा फार तर ८० ओहमचा प्रकार निवडावा.

हेडफोन पारखण्याची एक सोपी रीत आहे. ई तारेवर खुल्या स्वरापासून पाचव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे मानेवरील धातूची आडवी पट्टी) एकेक स्वर एकाच जोराने, सावकाश वाजवावा. सहाही स्वर जवळपास सारखेच मोठे ऐकू आले, तर हेडफोन कामाचा. पहिले दोन-तीन स्वर दबलेले आणि पुढचा एखादा अचानक फुगलेला वाटला, तर दुसरा बघावा. ही परीक्षा घेताना कप कानाभोवती नीट बसले आहेत ना, हे आधी पाहावे. चष्म्याच्या दांडीमुळे कुशन आणि त्वचा यांच्यामध्ये बारीकशी फट राहते आणि तेवढ्या फटीतूनही खर्ज निसटतो. चष्मा लावणाऱ्यांनी मऊ, जाड कुशनचे हेडफोन घ्यावेत आणि दुकानात ते चष्मा घालूनच तपासावेत.

ब्लूटूथ हेडफोनचा मोह मात्र येथे कटाक्षाने टाळावा. नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज पोहोचायला साधारण दीडशे ते दोनशे मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे तार छेडल्यानंतर पाव मात्रेहूनही उशिरा आपला स्वर आपल्याच कानी येतो आणि तालावर बसणे अशक्य होते. साथीचा ट्रॅक मोबाइलवरून ब्लूटूथने उपकरणात घेणे वेगळे. तिथे उशीर झाला तरी बिघडत नाही, कारण आपण जे ऐकतो त्याच्याबरोबरच वाजवतो. ज्यांना वायर नकोच आहे, त्यांच्यासाठी बॉसचा वाझा-एअर बेस हा संच आहे, ज्यात बेसचा आवाज ब्लूटूथऐवजी स्वतंत्र, जलद बिनतारी जोडणीने हेडफोनपर्यंत येतो. किंमत मात्र चैनीची आहे.

आता बेस आणि हेडफोन यांच्यामध्ये काय असावे, हा प्रश्न. सर्वांत सुटसुटीत उत्तर म्हणजे बेसच्या जॅकमध्येच खोचायचा हेडफोन अ‍ॅम्प. व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग हा यातला जुना आणि परिचित प्रकार आहे. दोन ट्रिपल-ए बॅटऱ्यांवर चालतो, मोबाइलवरील गाणे जोडायला त्यात वेगळे छिद्र असते आणि बेसच्या आवृत्तीत सरावापुरते साधे तालही मिळतात. विकत घेताना डबीवर ‘बेस’ लिहिलेले आहे याची खात्री करावी, कारण त्याच घडणीच्या गिटारसाठीच्या आवृत्त्याही शेजारी टांगलेल्या असतात आणि त्यांची घडण मधल्या व वरच्या स्वरांसाठी असल्याने बेस पातळ वाटतो. बॉसचा कटाना गो आणि एनयूएक्सचा मायटी प्लग प्रो यांत गिटारबरोबर बेससाठीही वेगळे ध्वनिप्रकार आहेत आणि ते यूएसबीने संगणकालाही जोडता येतात. या खोचण्याच्या उपकरणांची अडचण किरकोळ असली तरी त्रासदायक आहे. ज्या बेसचा जॅक कडेला असतो, त्यावर बसून वाजवताना ही डबी मांडीला किंवा सोफ्याच्या हाताला टेकते आणि हळूहळू जॅक सैल होतो. एक वीतभर लांबीची, एका टोकाला खोबणी असलेली वायर मध्ये घातली की प्रश्न सुटतो.

जो नियमित, रोज तासभर बसणार आहे, त्याला मी खोचण्याच्या डबीपेक्षा छोटा मल्टि-इफेक्ट, म्हणजे आवाजाचे अनेक परिणाम एकत्र देणारे उपकरण, सुचवीन. झूमचा बी१ फोर हे त्याचे चांगले उदाहरण. त्यात ट्यूनर, तालांचे नमुने, स्वतःचे वाजवणे गोल फिरवत ऐकवणारा लूपर आणि निरनिराळ्या अ‍ॅम्पचे आवाज एकाच जागी मिळतात आणि तो चार डबल-ए बॅटऱ्यांवरही चालतो. इफेक्टांची लांबलचक यादी पाहून भुलण्याचे कारण नाही. सरावाच्या दृष्टीने त्यातील ताल आणि लूपर याच दोन गोष्टींना मोल आहे. बेसवादकाचे काम ढोलकीवाल्याइतकेच लय सांभाळण्याचे असते, आणि नुसत्या मेट्रोनोमच्या टिकटिकीपेक्षा ड्रमच्या ठेक्यावर केलेला रियाज अधिक टिकतो.

ज्यांच्याकडे संगणक आहे आणि पुढेमागे ध्वनिमुद्रणही करायचे आहे, त्यांनी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे वाद्याचा आवाज संगणकात नेणारी पेटी, घ्यावा. फोकसराइटचा स्कार्लेट सोलो किंवा बेहरिंगरचा यूएमसी२२ पुरेसा आहे, कारण दोन्हींत गिटारसारखी वाद्ये थेट जोडण्याची सोय आहे. बेसच्या बाबतीत एक फायदा असा की, मुद्दाम फाटका केलेल्या (डिस्टॉर्शनच्या) आवाजाच्या इलेक्ट्रिक गिटारप्रमाणे त्याला स्पीकरच्या नकलेची फारशी गरज पडत नाही. थेट इंटरफेसमध्ये घातलेला बेसही ऐकायला बरा असतो आणि स्टुडिओत वर्षानुवर्षे तो तसा मुद्रित होत आला आहे. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ची कळ असेल, तर संगणकातून फिरून येण्यापूर्वीचाच आवाज हेडफोनमध्ये येतो आणि उशीर उरत नाही. संगणकातील अ‍ॅम्पचा आवाज हवा असल्यास बफर (संगणक एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा) कमी करून एकूण उशीर दहा मिलिसेकंदांच्या आसपास आणावा. तेवढा उशीर म्हणजे अ‍ॅम्पपासून सुमारे साडेतीन मीटरांवर उभे राहून ऐकण्यासारखे आहे, आणि त्याची कानाला सवय असते. विंडोजवर त्यासाठी आसिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा उशीर कमी करणारे सॉफ्टवेअर, बसवणे आवश्यक आहे. मॅकवर गॅरेजबँड हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर लगेच चालते.

स्पीकरचा अ‍ॅम्प हवाच असेल, तर फेंडरचा रम्बल २५ किंवा अ‍ॅम्पेगचा आरबी-१०८ यांसारखा, आठ इंची स्पीकरचा आणि हेडफोनची खोबणी असलेला अ‍ॅम्प घ्यावा. तीन-चार इंची स्पीकरच्या खेळण्यासारख्या अ‍ॅम्पमधून खालच्या ई तारेचा मूळ स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. वरच्या उपस्वरांवरून मेंदू तो ताडतो, त्यामुळे सूर कळतो पण वजन कळत नाही, आणि वजन शोधण्याच्या नादात वाजवणारा आवाजही वाढवतो आणि तारही ओरबाडू लागतो. अ‍ॅम्प जमिनीवर न ठेवता मजबूत स्टुलावर, खाली जाड फोम घालून, भिंतीपासून आणि विशेषतः कोपऱ्यापासून दूर ठेवावा, कारण कोपरा खर्ज वाढवतो. आणि स्पीकर बंद असतानाही पायाने ताल धरणाऱ्यांनी पायाखाली जाड सतरंजी घालावी. खालच्या मजल्यावरून येणाऱ्या तक्रारी पुष्कळदा बेसच्या नसून टाचेच्या असतात.

काहीही न जोडता, नुसत्या लाकडावर सराव करणे हा फुकटचा उपाय वाटतो. फ्रेटवरची बोटे बसवण्यापुरते ते ठीक आहे, पण रोजचा रियाज त्यावर करू नये. ऐकू येत नाही म्हणून उजवा हात नकळत जोर लावतो आणि न वाजवलेल्या तारांचा घुमारा दाबण्याची सवय लागतच नाही. अ‍ॅम्प जोडला की हे दोन्ही दोष उघडे पडतात. उलट, हेडफोन लावलेले असताना बाहेर ऐकू येणारी तारांची खडखड कमी करायची असेल, तर फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत, तारा बसवाव्यात आणि ब्रिजजवळ (तारा जिथे बेसच्या अंगावर टेकतात तिथे) तारांखाली फोमची पट्टी सरकवावी. मोटाउन या अमेरिकी संगीत कंपनीच्या ध्वनिमुद्रणांतील जेम्स जेमरसन यांचा गोल, आखूड बेस फ्लॅटवाउंड तारा आणि फोम यांतूनच घडलेला होता.

जोडणी झाल्यावर हेडफोनमध्ये गुणगुण ऐकू आली, तर उपकरण परत करण्याआधी पंख्याचा रेग्युलेटर आणि मंद करता येणारे दिवे बंद करून पाहावेत. बेसवरील सिंगल-कॉइल पिकअप (तारांची कंपने टिपणारी एकेरी वेटोळ्याची चुंबके) त्यांचा आवाज सहज उचलतात. लॅपटॉपच्या चार्जरमुळे येणारी घरघर चार्जर काढताच थांबते. काहीही झाले तरी गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढू नये. हेडफोन एकाच कानात वाजत असेल, तर बहुधा मध्ये मोनो अडॅप्टर लागलेला असतो. स्टिरिओ अडॅप्टरच्या दांडीवर दोन काळी कडी असतात, मोनोवर एकच.

आवाजाची पातळी ठरवताना आधी साथीचा ट्रॅक लावावा, तो बोलण्याइतका हळू ठेवावा आणि मग बेस त्याच्या बरोबरीला आणावा. उलट क्रमाने गेल्यास दोन्ही वाढतच जातात, कारण खर्ज कानाला मुळातच कमी जाणवतो. अमेरिकेतील नायॉश ही कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाला आठ तासांची मर्यादा सांगते आणि पुढे दर तीन डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे ९१ डेसिबलला दोनच तास. सराव संपल्यावर कानात सूं असा आवाज राहिला, तर पातळी जास्त होती असे समजावे.

खरेदीला जाताना स्वतःचा बेस आणि स्वतःचे हेडफोन बरोबर न्यावेत. मुंबईत धोबी तलावच्या फुर्तादोजसारख्या वाद्यांच्या मोठ्या दुकानांत उपकरण जोडून पाहता येते. जुना माल घेत असल्यास सर्व बटणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवून खरखर येते का ते ऐकावे, हेडफोनची दांडी खोबणीत हलकेच हलवून आवाज तुटतो का ते पाहावे आणि बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरा क्षार साचला असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ती वस्तू तिथेच ठेवावी.