सोसायटीचा फायर अलार्म खरंच वाजतो का? कमिटीने स्वतः तपासायची पद्धत

जानेवारी आणि जुलै जवळ आले की सोसायट्यांचे फोन सुरू होतात. "बी फॉर्म हवाय, कधीपर्यंत मिळेल?" बी फॉर्म म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा एजन्सीने द्यायचा सहामाही दाखला. मी ठाणे-कल्याण पट्ट्यात एका लायसन्स असलेल्या एजन्सीसाठी फायर अलार्मची कामं करतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी पॅनेल, म्हणजे अलार्मची सगळी यंत्रणा चालवणारी पेटी, बघू, मग फॉर्म. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे आपल्याकडे सोसायटीची. एजन्सी वर्षातून दोनदा दाखला देते, पण रोज रात्री त्या इमारतीत झोपता तुम्ही. म्हणून कमिटीतल्या निदान दोघांना ही तपासणी स्वतःच्या हाताने करता आली पाहिजे.

सर्वात आधी फायर एनओसी, म्हणजे अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला, काढून वाचा. राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर आणि त्याहून उंच इमारतीला उंच इमारत मानते आणि तिथून पुढे अटी वाढत जातात. पण तुमच्या इमारतीला नेमकं काय लागू आहे, फक्त हाताने वाजवायचा अलार्म की धूर किंवा उष्णता आपोआप ओळखणारे डिटेक्टरसुद्धा, हे तिची उंची, वापर आणि मंजुरीचं वर्ष यांवर ठरतं आणि ते एनओसीच्या अटींत लिहिलेलं असतं. बिल्डरने प्रत दिली नसेल तर महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे लेखी मागा. ती यादी हातात नसताना कोणी "साहेब, हे कंपल्सरी आहे" म्हणून कोटेशन पुढे केलं तर सही करू नका.

आता पॅनेलपाशी या. हिरवा दिवा लागलेला असेल आणि फॉल्टचा पिवळा विझलेला असेल तर ठीक. बहुतेक ठिकाणी पिवळा लागलेला असतो, बझर कोणीतरी बंद केलेला असतो आणि वॉचमन सांगतो, "तो नेहमीच लागतो." फॉल्टचा अर्थ कुठेतरी वायर तुटली आहे, डिटेक्टर निघालाय किंवा बॅटरी गेली आहे. त्या झोनमध्ये, म्हणजे पॅनेलच्या त्या लाइनवरच्या भागात, आग लागली तर पॅनेलला ती कळेलच याची खात्री उरत नाही.

पॅनेलचा मेन सप्लाय बंद करा. मेन फेलचा इशारा आला पाहिजे आणि पॅनेल बॅटरीवर चालू राहिलं पाहिजे. तासभर तसंच राहू द्या आणि मगच हूटर, म्हणजे अलार्मचा भोंगा, वाजवा. लगेच वाजवून पाहिलं तर मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा दोन मिनिटं जोर दाखवते. आग अनेकदा मीटर रूममध्येच सुरू होते, तेव्हा लाइट सर्वात आधी जाते, म्हणून मी या चाचणीवर अडून बसतो. आत साधारणपणे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. बदलायच्या तर दोन्ही एकदम बदला आणि बसवल्याची तारीख मार्करने त्यांच्यावरच लिहा.

मग एक डिटेक्टर बेसमधून फिरवून काढा. थोड्या वेळात पॅनेलवर फॉल्ट यायला हवा. आला नाही, तर ती लाइन बहुधा कोणीतरी पॅनेलमध्येच बायपास केली आहे. एजन्सीला तिथेच थांबवून विचारा. रंगकामात डिटेक्टरवर ब्रश फिरला असेल किंवा प्लास्टिकची टोपी तशीच राहिली असेल, तर तेही याच फेरीत दिसेल. डिटेक्टर तपासायला उदबत्ती लावू नका, त्यासाठी टेस्टिंगचा स्प्रे मिळतो.

काच फोडून वाजवायचे लाल डबे, ज्यांना आम्ही एमसीपी म्हणतो, जिन्याच्या तोंडाशी असावेत. मजल्यावरच्या कोणालाही २२.५ मीटरपेक्षा जास्त चालायला लागू नये, असं उंच इमारतींच्या नियमांत आहे. समोर शूरॅक किंवा सायकल नको. लहान मुलं वाजवतात म्हणून डब्याला कुलूप घातलेलं मी पाहिलंय. ते त्याच दिवशी काढा.

आता आवाज. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बहुतेक तपासण्या लॉबीतच संपतात. लॉबीत हूटर कानठळ्या बसवतो, सगळे माना डोलावतात, सही होते. पण फायर अलार्मसाठीचं आयएस २१८९ हे भारतीय मानक माणसं झोपतात त्या ठिकाणी दरवाजे बंद असताना उशीपाशी ७५ डेसिबल मागतं. हिशेब करून बघा. साधा बंद दरवाजा सुमारे २० डेसिबल खातो. लॉबीत मुख्य दाराशी ९० असेल तर फ्लॅटचं दार आणि बेडरूमचं दार ओलांडून आत ५० च्या आसपास पोहोचतो. वर एसी आणि पंखा. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पहाटे पार्किंगमध्ये आग लागली, तेव्हा लोक गाढ झोपेत होते. धूर जिन्यात भरण्याआधी माणूस जागा झाला तरच जिन्याचा उपयोग.

रविवारी सकाळी नोटीस लावून चाचणी घ्या. लॉबीपासून सर्वात लांबच्या बेडरूममध्ये एकाने दार लावून, एसी-पंखा चालू करून, उशीवर मोबाइल ठेवून थांबावं. आवाज मोजायचं अ‍ॅप अगदी अचूक नसतं, पण ५० आणि ७५ मधला फरक ते नक्की दाखवतं. प्रत्येक विंगमध्ये वरचा, मधला आणि खालचा असा एकेक फ्लॅट घ्या. ज्या घरात कमी ऐकू येणारे आजी-आजोबा आहेत, ते घर आवर्जून घ्या आणि त्यांना उठवायला कोण जाणार हे शेजाऱ्यांशी बोलून ठरवा.

आवाज कमी पडला तर लॉबीत आणखी मोठा भोंगा लावू नका, तिथून पळणाऱ्याचे कान जातील. फ्लॅटच्या आतल्या पॅसेजमध्ये छोटा हूटर घ्या. एजन्सीला एकच प्रश्न लेखी विचारा: एवढे हूटर वाढल्यावर पॅनेलचा सप्लाय आणि बॅटरी पुरेल का? उत्तर आकड्यांत मागा.

पुढे दर आठवड्याला एका झोनमधला एक एमसीपी किंवा डिटेक्टर वाजवायचा, पुढच्या आठवड्यात दुसरा झोन. वहीत तारीख, झोन, काय झालं आणि सही. पॅनेलशेजारी कोणता झोन म्हणजे कोणता मजला याचा तक्ता वॉचमनला वाचता येईल अशा भाषेत चिकटवा. त्याखाली मोठ्या अक्षरात १०१ लिहा. अलार्म आला की आधी फोन, मग त्या मजल्यावर माणूस, आणि बझर बंद करायचा तो त्यानंतर, हे रात्रपाळीच्या वॉचमनकडून प्रत्यक्ष करवून घ्या. वॉचमन बदलला की पुन्हा.

चाचणी संपल्यावर एमसीपी किल्लीने पूर्ववत करा, मेन सप्लाय चालू करा, पॅनेल रीसेट करा आणि हिरवा दिवा बघूनच तिथून हला. किल्ली सेक्रेटरीच्या कपाटात नको, पॅनेलजवळच टांगा.