बडोद्यात रॉक बँड काढताय? मग आधी हे वाचा

आमचा बँड तीन वर्षं चालला आणि शेवटी एका साउंड मिक्सरवरून फुटला. मी बास गिटार वाजवायचो, म्हणजे भांडणातसुद्धा माझा आवाज कोणाला ऐकू यायचा नाही. आता नवीन पोरं येऊन विचारतात, दादा बँड कसा काढायचा, तर काढणं सोपंय रे, टिकवायचा कसा ते विचारा.

आधी जागा. आम्ही दांडिया बाजारातल्या वाड्यात माडीवर प्रॅक्टिस करायचो, बास ड्रम वाजला की खाली आजीच्या फडताळातल्या वाट्या थरथरायच्या. ड्रम किट सहज १०० डेसिबलच्या वर जातो आणि वस्तीत नियमाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५, त्यामुळे तक्रार येणारच. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्याने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो पण बाहेर जाणारा आवाज अडत नाही. त्यापेक्षा खिडकीच्या फटी बुजवा, वर दोन-तीन जाड गोधड्या टाका, बास ड्रममध्ये उशी कोंबा. आणि शेजारच्या काकू दुपारी किती वाजेपर्यंत झोपतात ते पहिल्याच दिवशी जाऊन विचारून या, हा उपाय सगळ्यात भारी.

अजून एक, गिटारवाल्याचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, खुर्चीवर ठेवा. जमिनीवर असला की आवाज त्याच्या पोटऱ्यांना लागतो, कानाला नाही, मग तो वाढवत बसतो, मग सिंगर वाढवतो, मग माईक शिट्टी मारतो. मॉनिटर, म्हणजे सिंगरला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, माईकच्या पाठीमागच्या बाजूला हवा, नेहमीचा स्टेजचा माईक तिकडून सगळ्यात कमी ऐकतो.

गिग, म्हणजे वाजवायचे कार्यक्रम, कुठे मिळणार? मुंबई-पुण्यासारखे पब इथे नाहीत, गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे दर शनिवारी ठरलेली गिग वगैरे विसरा. कॉलेजचे फेस्ट, एखाद-दुसरा कॅफे आणि गणपती. मंडळवाले रॉकला नाही म्हणत नाहीत, फक्त आधी दोन भक्तिगीतं वाजवा मग काय तो धिंगाणा घाला. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद, खास परवानगी असेल तरच पुढे, म्हणून साउंडचेक सातच्या आत उरका. फेस्टचे पैसे निम्मे आधीच घ्या. एका कॉलेजने आम्हाला 'सोमवारी या' सांगितलं, असे किती सोमवार गेले ते मोजणं आम्ही सोडून दिलं.

आता खरी गोष्ट, नवरात्र. बडोद्यात ड्रमर आणि कीबोर्डवाला नवरात्रात तुमचे नसतात, गरबा ऑर्केस्ट्राचे असतात. नऊ रात्रींचं काम पक्कं, पैसे पक्के आणि रिहर्सल आधीपासूनच सुरू. आम्ही आमच्या ड्रमरला सेव उसळच्या गाडीवर उभं करून विचारलं, बँड की गरबा? त्याने उसळ संपवली, पाव पुसून खाल्ला आणि म्हणाला, किटचा हप्ता तुम्ही भरणार का? बरोबरच होतं त्याचं, तेव्हा मात्र आम्हाला ती गद्दारी वाटली. तुम्ही असं करू नका. पितृपक्ष लागला की बँड बंद, कोजागिरीनंतर सुरू, हे पहिल्या मीटिंगलाच ठरवून टाका.

पैशाचं म्हणाल तर गिगचे पैसे त्याच रात्री समान वाटा. सामान मात्र वर्गणीतून कधीच घेऊ नका, जो घेईल त्याचं. गाण्यांचंही तेच, शब्द आणि चाल कायद्याने वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हक्क तर ते बनवणारा गेल्यानंतरही ६० वर्षं राहतो, त्यामुळे 'आपलं गाणं' असं मोघम सोडू नका. गाणं झालं त्याच रात्री ग्रुपवर टाका, शब्द कोणाचे, चाल कोणाची, हिस्सा किती, आणि सगळ्यांकडून 'ओके' घ्या. अंगठा नको, अंगठा चुकून पडला असं नंतर म्हणतात.

आमचा मिक्सर पाच जणांच्या वर्गणीतला होता. दोघं नोकरीला पुण्याला गेले आणि आपला वाटा मागायला लागले, जुन्या मिक्सरचा पाचवा भाग किती धरायचा यावर दोन महिने ग्रुप पेटला होता. सध्या तो गिटारवाल्याच्या मामांकडे असतो कारेलीबागेत, दर गुरुवारी भजनी मंडळ वापरतं. दोन चॅनल गेलेत म्हणे.