मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात एक दिवस : खासगी सहल कशी ठरवावी

तिबेटच्या पठारावर उगम पावून सहा देशांतून वाहणारी मेकाँग नदी कंबोडियात नॉम पेन्हजवळ दुभंगते आणि तिएन व हाउ या दोन मोठ्या प्रवाहांनी दक्षिण व्हिएतनाममध्ये शिरते. पुढे समुद्राला मिळेपर्यंत तिला इतकी मुखे फुटतात की तेथील लोक तिला ‘कुउ लाँग’, म्हणजे नऊ ड्रॅगनांची नदी, म्हणतात. सुमारे ४०,००० चौरस किलोमीटरचा हा त्रिभुज प्रदेश एका दिवसात पाहून होण्यासारखा नाही. तरीही हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे जुन्या सायगॉनमध्ये, दोन-तीन दिवस राहणाऱ्या पर्यटकाच्या हाती बहुधा एकच दिवस असतो. तो दिवस मोठ्या बसमधील घोळक्याबरोबर घालवायचा की स्वतंत्र गाडी, गाइड आणि होडी घेऊन, हा मग पहिला प्रश्न. स्वतंत्र सहल महाग पडते. ती घेण्याचे खरे कारण एकच : दिवसाचे वेळापत्रक आपल्या हाती राहते. ते हाती असूनही सगळ्या बसगाड्या पोहोचतात त्याच वेळी त्याच धक्क्यावर उतरायचे असेल, तर बसचे तिकीट काढलेले बरे.

एकच ठिकाण निवडावे

एका दिवसाच्या सहलीसाठी व्यवहार्य अशी तीन क्षेत्रे आहेत. सर्वांत जवळचे मी थो हे शहर सायगॉनपासून सुमारे ७० किलोमीटरवर असून तेथे दीड ते दोन तासांत पोहोचता येते. त्याच्या समोर, तिएनच्या पलीकडे, नारळाच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेला बेन त्रे हा भाग लागतो. या दोहोंना जोडणारा राक मिएउ पूल २००९ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या जोडीचा दुसरा पूल २०२५ मध्ये खुला झाल्याने पूर्वीची वाहनकोंडी कमी झाली आहे. दुसरे क्षेत्र काय बे आणि विन्ह लाँग यांच्या आसपासचे, म्हणजे आणखी तासभर पुढचे. येथे फळबागांची बेटे आहेत आणि गर्दी कमी असते. तिसरे कॅन थो, हाउ नदीवरील या प्रदेशाचे सर्वांत मोठे शहर, सायगॉनपासून सुमारे १७० किलोमीटरवर.

माझे मत स्पष्ट आहे : मुक्काम न करता जायचे असेल तर बेन त्रे निवडावे, आणि तेही मी थोसमोरील चार बेटांवर न रेंगाळता. ड्रॅगन, युनिकॉर्न, कासव आणि फिनिक्स अशी या बेटांची नावे आहेत. मोठ्या सहलींचा सगळा भार थोई सोन या युनिकॉर्न बेटावर पडतो आणि तेथील अरुंद कालव्यांत होड्यांची अक्षरशः रांग लागते. फिनिक्स बेटावर मात्र पाऊण तास घालवायला हरकत नाही. ‘नारळ साधू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या न्गुएन थान्ह नाम यांनी गेल्या शतकात तेथे स्वतःचा पंथ वसवला होता, आणि त्यांचे ड्रॅगन गुंडाळलेले रंगीत खांब अजून उभे आहेत.

तरंगत्या बाजाराचा मोह पडतोच, म्हणून त्याविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे. कॅन थोजवळचा काय रांग हा बाजार पहाटे भरतो आणि आठ-नऊच्या सुमारास ओसरतो. सायगॉनहून सकाळी सातला निघून ‘तरंगता बाजार’ दाखवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्याला तेथे पोहोचण्याची वेळ विचारावी. उत्तर साडेदहाचे असेल तर पाहायला उरतात त्या मुख्यतः पर्यटकांच्याच होड्या. बाजार खरोखर पाहायचा असेल तर सायगॉनहून रात्री दोन-अडीचला निघावे लागते, नाहीतर आदल्या संध्याकाळी कॅन थोला जाऊन झोपावे आणि दिवसाची सहल तेथूनच आखावी. दुसरा मार्ग निःसंशय चांगला. मी थोपर्यंतचा द्रुतगती मार्ग २०१० मध्ये सुरू झाला, त्याच वर्षी कॅन थोचा मोठा पूल झाला, आणि २०२३ च्या अखेरीस द्रुतगती मार्ग कॅन थोच्या दारापर्यंत पोहोचला. आपल्याला तेथे झटपट नेणारे हेच रस्ते मालही ट्रकने नेऊ लागले, आणि बाजारातील होड्या वर्षागणिक कमी होत गेल्या. काय बेचा पूर्वी नावाजलेला बाजार तर जवळजवळ संपला आहे. कार्यक्रमपत्रिकेत तो अजूनही छापलेला आढळला, तर ती पत्रिका जुनी आहे असे समजावे.

काय रांगला गेल्यास होड्यांवरील उंच बांबूंकडे लक्ष द्यावे. त्याला ‘बेओ’ म्हणतात : अननस विकणारा अननस टांगतो, कोबी विकणारा कोबी. टांगलेले कपडे मात्र विक्रीचे नसून वाळत घातलेले असतात, आणि झावळी टांगली असेल तर होडीच विकायला काढली आहे असा तिचा अर्थ होतो. हे आपण विचारण्याआधी सांगणारा गाइड मिळाला, तर दिवसाची सुरुवात चांगली झाली.

पाणी कधी असेल, हे आधी विचारावे

कोठे जायचे हे ठरल्यावर लोक थेट किमतीकडे वळतात. त्याआधी विचारायचा प्रश्न भरती-ओहोटीचा आहे. या प्रदेशाच्या पूर्व किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, तिचा परिणाम नदीतून आत दूरवर पोहोचतो, आणि तिच्या वेळा रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकतात. पाणझावळ्यांच्या कमानीखालून वल्हवत नेणाऱ्या ज्या लहान होडीसाठी आपण एवढ्या लांब जातो, ती भर ओहोटीला आतल्या ओहळांत जाऊच शकत नाही. दोन्ही काठांना चिखल उघडा पडतो आणि मधे पाण्याची एक रेघ उरते. म्हणून आयोजकाला आपली तारीख कळवून विचारावे : त्या दिवशी आतल्या कालव्यांत पाणी किती वाजता पुरेसे असेल, आणि त्यानुसार जेवण आधी ठेवायचे की नौकाविहार आधी? ज्याला हे काम येते तो लगेच उत्तर देतो आणि गरज पडल्यास दिवसाचा क्रम उलटा करून देतो. ‘कधीही चालेल’ हे उत्तर देणाऱ्याकडे छापील कार्यक्रमाखेरीज काही नसते.

ऋतूंचा विचार तुलनेने सोपा आहे. डिसेंबर ते एप्रिल हे कोरडे महिने, मे ते नोव्हेंबर पावसाचे. पाऊस बहुधा दुपारनंतर जोरात कोसळतो आणि थांबतो, त्यामुळे लवकर निघालेल्याचे फारसे बिघडत नाही. फळांची रेलचेल मे ते ऑगस्ट या काळात असते. सप्टेंबर ते नोव्हेंबर नदी फुगलेली असते, आणि ऑक्टोबरच्या आसपास मोठ्या भरतीला कॅन थोच्या काही रस्त्यांवर पाणी चढते. जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या तेत या नववर्षाच्या दिवसांत मात्र जाऊ नये. होडीवाले, स्वयंपाकी, चालक, सगळेच घरी असतात आणि महामार्ग गावी निघालेल्या दुचाकींनी भरलेला असतो.

आयोजकाशी बोलताना

खासगी सहलीच्या किमतीत गाडी, गाइड, होडी आणि जेवण असे चार घटक असतात. पहिले तीन माणसांवर अवलंबून नसतात. गाडी गाडीप्रमाणे, गाइड दिवसाप्रमाणे आणि मोटरहोडी फेरीप्रमाणे आकारली जाते. त्यामुळे दोघांना जी सहल भारी वाटते ती पाच जणांच्या कुटुंबाला बसच्या जवळपासच्या दरात पडू शकते. दर विचारताना दरमाणशी आकड्यावर न थांबता एकूण रक्कम आणि तीत काय धरले आहे हे लेखी घ्यावे. दर अनेकदा डॉलरमध्ये सांगितला जातो. भरायची रक्कम डाँग या तेथील चलनात किती, हेही त्याच पत्रात असावे.

‘खासगी’ या शब्दाचा अर्थ तपासणे अत्यंत आवश्यक आहे. पुष्कळदा गाडी आणि गाइड स्वतंत्र असतात, पण धक्क्यावर पोहोचल्यावर आपल्याला सामायिक होडीत बसवले जाते आणि जेवण मोठ्या गटांच्या उपाहारगृहात होते. म्हणून होडी संपूर्ण आपलीच आहे का, ती किती तास आपल्याकडे राहील, वल्ह्याची लहान होडी कोणत्या कालव्यात नेणार आणि गाइड दिवसभर सोबत असेल की धक्क्यावर भेटेल, हे सारे आधी ठरवावे. व्हिएतनामच्या कायद्यानुसार परदेशी पर्यटकांना फिरवणाऱ्या गाइडकडे आंतरराष्ट्रीय वर्गाचे ओळखपत्र असावे लागते. त्याची विचारणा करण्यात काही गैर नाही. मला विचाराल तर उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या शहरी गाइडपेक्षा अडखळत बोलणारा, पण त्याच पाण्यावर वाढलेला गाइड घ्यावा. कोणत्या घरी आज वीटभट्टी पेटली आहे आणि कोणत्या अंगणात काथ्या सोलला जातो आहे, हे त्यालाच माहीत असते.

थांब्यांची यादी मागवून त्यावर काट मारण्याचा हक्क वापरावा. मधाचा चहा, नारळाच्या वड्यांचा कारखाना, गळ्यात अजगर घालून छायाचित्र, साप बुडवलेली दारू हा ठरलेला क्रम आहे. यांपैकी वड्यांचा कारखाना ठेवावा, कारण बेन त्रेची ती खरी ओळख आहे आणि ऊन वडी हाताने कापताना पाहणे रंजक असते. बाकीचे तीन नम्रपणे वगळावेत.

एक बारीक गोष्ट नकाशाची. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने अनेक प्रांत एकत्र केले. मी थो पूर्वी तिएन यांग प्रांतात होते, ते आता दोंग थापमध्ये गेले, आणि बेन त्रे विन्ह लाँग प्रांतात सामील झाले. जुन्या व नव्या पत्त्यांत त्यामुळे तफावत दिसते. धक्क्याचे नेमके स्थान मोबाइलवर मागवून घेतले की गोंधळ राहत नाही.

शाकाहारी असल्यास

हा मुद्दा आरक्षणाच्या वेळीच मांडावा, ताटासमोर बसल्यावर नव्हे. मी थो-बेन त्रे भागातील जेवणाचा मान हत्तीकानी माशाला असतो, आणि भाजी वाटणाऱ्या पदार्थांतही मासळीचा सॉस असतो. ‘मांस नको’ म्हटल्याने तो वगळला जात नाही. ‘आन चाय’ हे शब्द मात्र सर्वांना समजतात, कारण बौद्ध परंपरेतील शाकाहार तेथे रुजलेला आहे. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक कुटुंबे स्वतःच शाकाहार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी असे जेवण सहज मिळते. योगायोग असा की हेच अमावास्या-पौर्णिमेच्या जवळचे दिवस उधाणाचेही असतात, तेव्हा कालव्यांच्या वेळा अधिक काटेकोरपणे विचाराव्यात. अंडे चालत नसल्यास तेही वेगळे लिहावे.

प्रत्यक्ष दिवशी

सायगॉनहून साडेसहापर्यंत निघावे. बसगाड्या त्यानंतर निघतात, आणि हा तासा-दीड तासाचा फरक पुढे दिवसभर उपयोगी पडतो. अंगभर सुती कपडे, रुंद काठाची टोपी, भिजली तरी चालेल अशी पट्ट्याची पादत्राणे, डासप्रतिबंधक मलम आणि मोबाइलसाठी जलरोधक पिशवी एवढे सामान पुरते. डेंग्यू या भागात वर्षभर आढळतो, म्हणून मलम विसरू नये. लहान होडीत स्वच्छतागृह नसते. धक्क्यावरील सोय वापरूनच निघावे.

होडीत पाय ठेवण्याआधी लाइफ जॅकेट मागून घालावे, मुलांसाठी त्यांच्या मापाचे आहे याची खात्री आरक्षणाच्या वेळीच करावी. लहान होडीत चढताना काठावर नव्हे तर मधोमध पाय ठेवावा आणि लगेच बसावे. वल्हवणाऱ्या बहुधा वयस्क स्त्रिया असतात. त्यांना अखेरीस थोडी बक्षिसी देण्याची पद्धत आहे, म्हणून लहान नोटा वेगळ्या काढून ठेवाव्यात. येथे एक सावधगिरी हवी : २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या नोटा दोन्ही निळसर दिसतात, आणि हलत्या होडीत घाईने दिलेली नोट परत मागणे अवघड जाते.

बेटांवर मुक्तपणे वापरायची खरी वेळ दुपारी बारा ते दोन असते, कारण तेव्हा सारे गट जेवायला बसलेले असतात. आपले जेवण अकराला ठेवले, तर त्या दोन तासांत कालवे मोकळे मिळतात आणि वल्ह्याचा आवाज ऐकू येतो. कोठे ‘दोन का ताय तु’ हे दक्षिणेचे पारंपरिक गायन चालू असेल, तर गाइडला गाण्याचा विषय विचारावा. युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलेली ही कला फळांच्या बशीसोबत दोन मिनिटांत उरकली जाते, पण वादकांना आपण ऐकतो आहोत हे दिसले की ते आणखी एक गाणे आपणहून गातात.

परतीसाठी तीनच्या आत धक्का सोडावा. शहरात शिरतानाची संध्याकाळची कोंडी तासभर सहज खाते, आणि रविवारी गावाहून परतणाऱ्यांची भर पडल्यामुळे ती द्रुतगती मार्गावरच सुरू होते. त्याच रात्रीचे विमान असेल, तर ही सहल त्या दिवशी ठेवूच नये.