पाहुण्याच्या शेजारी गप्प बसताना

पैसे घेऊन केलेलं माझं पहिलं काम म्हणजे दापोलीजवळच्या एका घरगुती होमस्टेची वेबसाइट. वर समुद्राचे पाच फोटो आपोआप सरकायचे. खाली ‘आमच्याबद्दल’, मग खोल्या, आणि अगदी तळाला फिकट राखाडी अक्षरांत फोन नंबर. होमस्टेच्या काकूंना साइट आवडली, मलाही. महिनाभराने त्या म्हणाल्या, “अगं, लोक नकाशावरून नंबर शोधतात आणि फोन करून दरच विचारतात. साइटवर नाहीत का ते?”

दर होते, पण एका पीडीएफमध्ये, तिसऱ्या पानावर.

तेव्हा मी मामीच्या शेजारी जाऊन बसले. तिचाच मोबाईल तिच्या हातात दिला आणि म्हटलं, “दिवाळीनंतर तुम्ही सहाजण तिथं राहायला जाणार आहात. खोली ठरव.” एवढं सांगून मी गप्प राहिले. तिने खोलीच्या फोटोवर बोट ठेवलं, काहीच उघडलं नाही. पान हळूहळू भरत होतं, म्हणून ती दाबणार तेवढ्यात बटण खाली सरकलं आणि भलतंच पान उघडलं. “मला नाही बाई जमत हे,” म्हणून तिने फोन खाली ठेवला. तिचं काहीही चुकलं नव्हतं. ते वाक्य मला अजून टोचतं.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी हे एक जरूर करावं. वापरणाऱ्याला खरंखुरं काम द्या, त्याचाच फोन वापरू द्या आणि तो अडखळला तरी ‘तिथे दाब’ म्हणू नका. अशी पाच माणसं पुरतात. वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणाऱ्या जेकब निल्सन यांनी २००० सालीच हे मांडलं होतं: पाचजणांत बहुतेक मोठे अडथळे दिसून येतात, आणि एकदाच पंधराजणांना बसवण्यापेक्षा पाच-पाचच्या तीन फेऱ्या कराव्यात, मधे दुरुस्त्या करत. माझ्या पाचांपैकी चौघांनी पहिल्या मिनिटात त्याच गोष्टी विचारल्या. दर काय, जेवण मिळतं का, खेडवरून यायचं की मंडणगडवरून, आणि फोन कुणाला करायचा.

हीच उत्तरं मी पहिल्या स्क्रीनवर आणली. सरकते फोटो काढून एकच ठेवला. कॅमेऱ्यातून आलेला प्रत्येक फोटो कित्येक मेगाबाईटचा होता. ते लहान करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात बदलले आणि प्रत्येकाची रुंदी-उंची कोडमध्ये लिहिली. तेवढ्याने ब्राउझर जागा आधीच राखून ठेवतो आणि बटणं उड्या मारत नाहीत. पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. क्रोममध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करून ते तपासता येतं. घरच्या वायफायवर तपासून समाधान मानू नका, तुमचा पाहुणा घाटातून पान उघडत असतो.

फोन नंबरचं मोठं बटण केलं, दाबलं की थेट फोन लागेल असं. अँड्रॉइडची शिफारस बटण किमान ४८ बाय ४८ डीपी (स्क्रीनवरची मापं मोजायचं एकक) असावं अशी आहे. अक्षरं गडद केली. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका काँट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, हवा, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. उन्हात फोन धरून वाचणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

मराठीबद्दल मात्र इंग्रजी धड्यांतून फारसं कळत नाही, ते हात घालूनच शिकावं लागतं. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर देवनागरीला कमी पडतं. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांना भिडतात. मी अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवते. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलंत तर शिरोरेषा तुटते, ते कधीच करू नका. कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये सोय असते तिथे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. शिवाय ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कोणत्या भाषेत वाचायचं ते कळतं. फॉन्ट निवडताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ज्ञानेश्वर’ असे शब्द लिहून बघा, जोडाक्षरं नीट दिसतात का ते कळतं. ‘मुक्त’ (Mukta) आणि ‘नोटो सान्स देवनागरी’ हे दोन्ही फॉन्ट मोफत मिळतात, सुरुवातीला तेच घ्या.

चौकशीच्या फॉर्ममध्ये अकरा रकाने होते. काकूंना विचारलं, यातलं खरंच काय लागतं? “नाव, फोन, तारीख, माणसं किती. आणि मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा म्हणावं.” आता चार रकाने आहेत, आणि मोदकांची ती ओळ त्यांच्याच शब्दांत.

दुसऱ्या फेरीत मामी पुन्हा बसली. या वेळी तिने एक शब्द न बोलता पान वर-खाली केलं, हिरवं बटण दाबलं आणि फोन कानाला लावला. पलीकडून काकू “हॅलो” म्हणाल्या, तशी ती त्यांना सहाजणांचं जेवण सांगायलाच लागली.