बदकांची यादी करताना या चुका टाळा

हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वर किंवा उजनीवरून परतलेल्या मंडळींच्या याद्यांत पहिली गडबड ठरलेली: पाण्यावर तरंगेल ते बदक. वारकरी हा पक्षी बदक नव्हे, तो पाणकोंबडीच्या कुळातला. त्याची बोटं पडद्यानं जोडलेली नसतात, प्रत्येक बोटाला स्वतंत्र झालर असते. टिबुकलीचं कुळ आणखी निराळं.

दुसरी चूक इंग्रजी नावांवर विसंबण्याची. काणूकला इंग्रजीत ‘कॉटन पिग्मी गूज’ म्हणतात म्हणून तिला पट्टकादंब या कलहंसाशेजारी (गूज) बसवू नका. ती चिमुकलं बदकच आहे. अडईची गंमत याच्या उलट. दिसायला बदक, पण उत्क्रांतीत तिची शाखा इतकी आधी फुटली की तलवार बदकाला अडईपेक्षा पट्टकादंब जवळचा. ‘इकडे बदकं, तिकडे कलहंस’ अशी सरळ वाटणी इथे चालतच नाही.

सगळ्यात जास्त डोकेदुखी ‘अ‍ॅनस’ या प्रजातीनावाची (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट; शास्त्रीय नावाचा पहिला शब्द तिचा). शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसनं 1758 मध्ये बदकं, कलहंस, हंस सगळे याच नावाखाली कोंबले होते. पुढे बरेच बाहेर पडले, तरी थापट्या आणि भुवई बदक कालपरवापर्यंत तिथेच होते. 2009 च्या डीएनए अभ्यासात ‘अ‍ॅनस’ हे एका वंशाचं घर नसल्याचं दिसलं, आणि आता हे दोघे ‘स्पॅट्युला’त, तर गॅडवॉल ‘मरेका’त गेला. तलवार बदक, चक्रांग, हळदी-कुंकू ‘अ‍ॅनस’मध्येच राहिले.

त्यामुळे थापट्यासाठी जुन्या पुस्तकात ‘अ‍ॅनस क्लायपिएटा’ आणि ॲपवर ‘स्पॅट्युला क्लायपिएटा’ दिसलं तर दोन पक्षी मोजू नका. शोधताना नावाचा दुसरा शब्द धरा; प्रजाती बदलली तरी सहसा तो टिकतो. शेपूट मात्र बदलू शकतं, कारण लॅटिन व्याकरणात लिंग जुळवावं लागतं. पट्टकादंबाला इंग्रज पक्षितज्ज्ञ लॅथमनं 1790 मध्ये ‘अ‍ॅनस इंडिका’ म्हटलं. ‘अ‍ॅन्सर’ ही त्याची आजची प्रजाती; ते नाव पुल्लिंगी, म्हणून आता तो ‘अ‍ॅन्सर इंडिकस’. इथे ‘इंडिका’ लिहिणं चूकच.

नाव देणाऱ्याचा उल्लेख करणार असाल तर कंसाकडेही लक्ष द्या. कंस हौसेनं घालायचा नसतो. मूळ प्रजाती बदलली असेल तरच तो येतो: थापट्याच्या नावापुढे लिनियस आणि 1758 कंसात, तलवार बदकाच्या नावापुढे तेच कंसाविना.