अर्थशास्त्र घेताय? या चुका टाळा

अकरावी कॉमर्सला 'एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) की मॅथ्स' असं विचारलं की बरीच मुलं बिनदिक्कत एसपी घेतात. मार्क पडतात, घरचेही खूश. पुढे बीएला इकॉनॉमिक्स घेतलं तरी फारसं अडत नाही, आणि तिथेच गाफील राहायला होतं. अडतं ते एमएच्या दाराशी. रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये मुंबईत गोरेगावात उभारलेल्या आयजीआयडीआर (इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था) इथल्या अर्थशास्त्राच्या एमएस्सी प्रवेश परीक्षेत गणित असतंच.

गणित सुटलं असेल तर महागडा क्लास लावू नका. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. आधी विकलन (डिफरन्सिएशन), मग मॅट्रिक्स, मग संभाव्यता. सीमांत खर्च (आणखी एक नग बनवायचा वाढीव खर्च) म्हणजे एकूण खर्चाचं विकलन, एवढं डोक्यात बसलं की मायक्रोची (सूक्ष्म अर्थशास्त्राची) निम्मी भीती जाते.

दुसरी चूक म्हणजे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईड पाठ करणं. मार्क मिळतील, पण मुलाखतीत कोणी व्याख्या विचारत नाही. महागाईचा दर 5 वरून 2 टक्क्यांवर आला, तर वस्तू स्वस्त झाल्या का? टीवायची (पदवीच्या शेवटच्या वर्षाची) मुलंही पटकन 'हो' म्हणतात. किमतींचा निर्देशांक 100 वरून 105 आणि तिथून 107.1 झाला; किमती चढल्याच, फक्त वेग मंदावला. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची आकडेवारी एक्सेलमध्ये घेऊन असे दर स्वतः काढून बघा. मुंबईत बीकेसी-लोअर परळच्या ऑफिसांमधल्या रिसर्चच्या नोकऱ्यांत रोज हेच करावं लागतं. पायथन किंवा आर या प्रोग्रॅमिंगच्या भाषा येत असतील तर उत्तमच.

'इकॉनॉमिक्स केलं म्हणजे बँकेत चिकटेल' हा समज तर घरोघरी आहे. बँक पीओच्या (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसतो, तिथे तुमच्या विषयाला वेगळा भाव नाही. रिझर्व्ह बँकेतही ग्रेड बी अधिकाऱ्यांच्या सर्वसाधारण जागांना कुठलीही पदवी चालते; आर्थिक संशोधन विभागाच्या जागांना मात्र अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. यूपीएससीच्या इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसचंही तसंच, आणि वयाची मर्यादा 21 ते 30. तिथे अर्थशास्त्राचे तीन पेपर, शिवाय भारतीय अर्थव्यवस्थेचा वेगळा. सगळी उत्तरं लिहायची असतात, पर्याय निवडून भागत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका यूपीएससीच्या संकेतस्थळावर आहेत; एमए कुठून करायचं हे ठरवण्याआधी त्या एकदा डाउनलोड करून वाचा.