झोपेतून उठताना लॅपटॉप कोसळतो? आधी कॅप्स लॉक दाबून बघा

झोपवलेल्या, म्हणजे स्लीपमध्ये ठेवलेल्या लॅपटॉपचं झाकण उघडलं. पंखा भुर्रकन फिरला, कीबोर्डखालचे दिवे लागले, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. अशा वेळी हात आपोआप पॉवर बटणाकडे जातो. तो क्षणभर आवरा. बटण दाबून धरलं की लॅपटॉप सुरू होतो हे खरं, पण आत नेमकं काय चाललं होतं हे कळायची सोपी संधी त्याबरोबर जाते.

त्याऐवजी कॅप्स लॉक दाबा आणि त्याच्या दिव्याकडे बघा. दिवा लागतोय-विझतोय? मग बहुधा विंडोज जागी झालेली आहे, फक्त स्क्रीन उठलेली नाही. आता विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. एक छोटा बीप येतो, स्क्रीन लुकलुकते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवरचं चित्र चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने सुरू होतो. चित्र परत आलं, तर गुन्हेगार जवळपास सापडलाच. नाही आलं, तर खोलीतला दिवा घालवून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. अंधुक का होईना, चित्र दिसत असेल तर बिघाड स्क्रीनमागच्या प्रकाशाचा आहे आणि खालचं बरंचसं वाचायची तुम्हाला गरज नाही.

कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म हलत नसेल, तर मशीन खरोखर गोठलंय. तिसरा प्रकार म्हणजे निळी स्क्रीन, विंडोज कोसळल्यावर चुकीचं नाव दाखवणारी (नव्या विंडोज ११ मध्ये ती काळी असते). चौथा सगळ्यात फसवा: झाकण उघडल्यावर कंपनीचा लोगो येतो आणि उघडी ठेवलेली सगळी कामं गायब. म्हणजे लॅपटॉप झोपेतच मेला होता, किंवा बॅटरी संपली होती. तक्रार चौघांची एकच, ‘उठताना बंद पडतो’. उपाय मात्र वेगवेगळे, म्हणून आपला प्रकार कोणता हे आधी कागदावर लिहून ठेवा.

झोप कोणती, ते ओळखा

लॅपटॉपच्या झोपेचे प्रकार असतात. जुन्या पद्धतीत, म्हणजे एस३ मध्ये, रॅमला (चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीला) जेमतेम वीज मिळत राहते आणि बाकी जवळपास सगळं बंद होतं. उठताना प्रत्येक भागाचा ड्रायव्हर आपापलं यंत्र पुन्हा उभं करतो. नव्या पद्धतीला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. यात लॅपटॉप मोबाइलसारखा डुलकी घेतो, पूर्ण झोपत नाही. बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तापलेला सापडतो, तो बऱ्याचदा याच कारणाने.

आपल्याकडे काय आहे ते बघायला स्टार्टवर राइट-क्लिक करून टर्मिनल (ॲडमिन) उघडा आणि ‘पॉवरसीएफजी /ए’ (powercfg /a) ही कमांड द्या. (इथल्या सगळ्या कमांड टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.) उत्तरात ‘एस३’ उपलब्ध दिसलं तर जुनी झोप, ‘एस० लो पॉवर आयडल’ दिसलं तर नवी.

याशिवाय हायबरनेट असतं. त्यात रॅममधला सगळा मजकूर डिस्कवर लिहिला जातो आणि वीज पूर्ण तोडली जाते. इथे एक मोठी गफलत होते. बऱ्याच लॅपटॉपांत काही तास झोप झाली, किंवा झोपेत बॅटरी ठराविक उतरली, की तो स्वतःहून हायबरनेटमध्ये जातो. म्हणजे रात्री झोपवलेला लॅपटॉप सकाळी झोपेतून उठत नसतो, हायबरनेटमधून उठत असतो! ‘दुपारी नीट उठतो, सकाळीच मरतो’ अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथे घ्या.

तपासणी सोपी आहे. सगळं काम सेव्ह करा आणि ‘शटडाउन /एच’ ही कमांड देऊन लॅपटॉप मुद्दाम हायबरनेट करा. दोन मिनिटांनी उठवा. असं तीन-चारदा करा. मग तितक्याच वेळा साधी झोप. हायबरनेटमध्ये अडकत असेल तर ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’, मग रीस्टार्ट, मग ‘पॉवरसीएफजी /एच ऑन’. त्यामुळे हायबरनेटची फाइल पुसली जाऊन नवी तयार होते. तरी अडलंच तर डिस्क आणि तिचा ड्रायव्हर तपासा. हायबरनेट ठीक आणि झोपच बिघडलेली असेल, तर ड्रायव्हर, बायोस (विंडोजच्या आधी चालणारं लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर) किंवा रॅम यांच्याकडे वळा.

विंडोजची डायरी

इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘विंडोज लॉग्ज’खाली ‘सिस्टम’मध्ये जा. तिथे कर्नल-पॉवर ४१ ही लाल नोंद दिसते आणि माणूस घाबरतो. घाबरू नका. मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नाही, एवढंच ती सांगते. बटण तुम्हीच दाबून धरलं असेल तर ती नोंद तुमच्याच बोटाची आहे.

कामाची माहिती तिच्या आधीच्या नोंदींत असते. ४२ म्हणजे झोपायला निघाला, १०७ म्हणजे उठला. मॉडर्न स्टँडबायमध्ये याच जागी ५०६ आणि ५०७ दिसतात. ४२ आहे पण १०७ नाही, तर साधारणपणे झोपेत किंवा उठण्याच्या अगदी सुरुवातीलाच घात झाला. १०७ आहे आणि मग गडबड, तर विंडोज उठली होती आणि नंतर कोणीतरी पाय ओढला. इतकं खणायचं नसेल तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ शोधा, तारखांनुसार लाल फुल्यांचा तक्ता मिळेल.

निळ्या स्क्रीनवरचं नाव मोबाइलने टिपून ठेवा. ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ हे या दुखण्यातलं नेहमीचं नाव: एखाद्या ड्रायव्हरला झोप किंवा ऊठ असा हुकूम गेला आणि त्याने वेळेत उत्तरच दिलं नाही. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ ग्राफिक्सकडे नेतं. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ आली तर डिस्कवरून हवा तो मजकूर वाचता आलेला नाही. हे दिसल्यावर बाकी सगळं सोडून आधी बॅकअप घ्या.

सगळं काढा, म्हणजे खरंच सगळं

माऊस, डॉक, बाहेरचा मॉनिटर, हार्ड डिस्क, मेमरी कार्ड, सगळं काढून झोपवून बघा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर याच दुखण्यापायी मी विंडोज नव्याने टाकली होती. अख्खा रविवार गेला आणि सोमवारी सकाळी पुन्हा तीच निळी स्क्रीन. शेवटी सापडला नखाएवढा ब्लूटूथ डोंगल. वर्षभर यूएसबीत तसाच खोचलेला, इतका सवयीचा की ‘सगळं काढून बघितलं’ म्हणताना तो मोजलाच नव्हता. विंडोज नव्याने टाकणं हा पहिला उपाय नसावा, असं माझं मत त्या रविवारी झालं आणि अजून बदललेलं नाही.

बाहेरचं काही नसेल तर आतल्यांची पाळी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायवर राइट-क्लिक करून ते डिसेबल करा आणि झोपवा. नीट उठला? पुन्हा झोपवा. सलग पाच-सहा वेळा उठला तरच त्याच्यावर बोट ठेवा, कारण हा आजार लपंडाव खेळतो. मग ते परत चालू करून ब्लूटूथ, मग कार्ड रीडर. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर लॅपटॉप बरा होईल, पण कशाने ते कळणार नाही आणि पुढच्या अपडेटनंतर तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

गुन्हेगार सापडला की त्याचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, आपल्या नेमक्या मॉडेलचा घ्या. ग्राफिक्सकडे सगळ्यांचं लक्ष जातं, चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो. तोही घ्या. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर उलट करा: डिव्हाइस मॅनेजरमधून त्या यंत्राच्या प्रॉपर्टीज उघडून ‘ड्रायव्हर’ टॅबवर ‘रोल बॅक’. तिथेच ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करायची परवानगी देणारी खूण काढून बघा. मॉडर्न स्टँडबायवाल्या लॅपटॉपांत हा टॅब बऱ्याचदा नसतो, शोधत बसू नका.

यातला कुठलाही बदल केल्यावर ‘शट डाउन’ नको, ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करतानाही विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जपून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत येतात. रीस्टार्टने मात्र पाटी कोरी होते.

बायोस, रॅम, बॅटरी

उठण्याच्या पहिल्या काही क्षणांत सूत्रं बायोसकडे असतात, त्यामुळे त्याच्या अपडेटने हे दुखणं जातं असं अनेकदा होतं. चार्जर लावूनच अपडेट करा, मध्येच बंद करू नका आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. अपडेटनंतर लॅपटॉपने की मागितली आणि ती सापडली नाही, तर झोपेच्या तक्रारीपेक्षा मोठी अडचण उभी राहते. प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणारं एखादं टूल टाकलं असेल तर सगळं मूळ जागी आणा. भरधाव कामात टिकलेली अशी सेटिंग नेमकी झोप-जागेच्या सांध्यावर कोसळू शकते.

नुकतीच रॅम वाढवली असेल तर ती काढून नीट बसवा, किंवा जुन्या रॅमवर परत जाऊन बघा. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ शोधून चाचणीही करा. तीत एकही चूक दिसली तर ड्रायव्हरमागे धावणं थांबवा. चार्जर लावून उठतो पण बॅटरीवर उठत नाही, असं असेल तर ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ द्या. अहवालात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी असतात. दोन्हींत फार मोठी दरी दिसली तर बॅटरी बदलायला झाली आहे.

लिनक्सवाल्यांनी ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ ही फाइल बघावी. ‘डीप’ (जुनी झोप) आणि ‘एसटूआयडल’ (डुलकी) दोन्ही असतील तर चौकटी कंसात असलेला प्रकार सध्या चालू आहे, दुसरा वापरून बघा. मागच्या बूटची डायरी ‘जर्नलसीटीएल -बी -१’ दाखवते. मॅकवर ‘पीएमसेट -जी लॉग’ हेच काम करतं.

दुरुस्ती होईपर्यंत काम अडू नये म्हणून, हायबरनेट नीट चालत असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ निवडा. उठायला थोडा जास्त वेळ लागेल, पण उघडी कामं जागेवर राहतील. सर्व्हिस सेंटरला द्यायची वेळ आली तर कागदावर चार ओळी लिहून द्या: कॅप्स लॉकचा दिवा लागतो की नाही, निळ्या स्क्रीनवरचं नाव, हायबरनेट चालतं का, आणि किती वेळा झोपवला तर किती वेळा मेला. काउंटरवर तो पठ्ठ्या पाचही वेळा छान उठणार आहे, तेव्हा तोच कागद कामी येईल.